डब्याने उचललेला फोन

दुबईत मी नेमकं काय काम करत होते, हे माझ्या सासरच्या माणसांना आजही धड सांगता येत नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून टेलिफोनमध्ये आहे," आणि शेजारणी समजायच्या की मी ऑपरेटर आहे. मुलगी तर एका वाक्यात उडवून लावते, "मम्मा यूज्ड टू फिक्स फोन्स." फिक्स नाही गं बाई. बिघडलेले फोन दुरुस्त करणारी माणसं वेगळी होती. मी धडधाकट फोनला काटकसर शिकवायचे.

दुबईच्या देरा भागात, खाडीपासून जरा आतल्या गल्लीत, एका मल्याळी शेठचं टेलिफोनच्या सामानाचं दुकान होतं. इंटरकॉम, फॅक्स, वायरी, असलं सगळं. मी सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, लग्न होऊन तिकडे गेलेली. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात शारजाची एक खोलीसुद्धा परवडेना, म्हणून कामाला लागले. शेठने आधी काउंटरवर बसवलं. बाई आहे, गिऱ्हाइकाशी गोड बोलेल, असा त्यांचा हिशोब. मी गोड बोलत नाही हे त्यांना लवकरच कळलं आणि त्यांनी मला मागच्या टेबलावर डबे प्रोग्रॅम करायला बसवलं. तिथे मी रमले.

डबा म्हणजे डायलर. जेवणाच्या छोट्या डब्याएवढा होता, म्हणून आम्ही डबा म्हणायचो. भिंतीतली वायर डब्यात यायची आणि डब्यातून फोनमध्ये जायची. तुम्ही दाबलेले आकडे आधी डबा ऐकायचा. दुबईतलाच नंबर असला तर सरळ सोडायचा, कारण गावातल्या गावात लँडलाइनवरून बोलणं फुकट होतं. सुरुवातीला दोन शून्यं आली, म्हणजे परदेश, की तो तुम्हाला थोपवायचा. गुपचूप आधी पैसे भरलेल्या, स्वस्त दराच्या टेलिफोन कार्डाचा नंबर लावायचा, तिकडची रेकॉर्ड केलेली बाई "इंग्रजीसाठी एक दाबा" म्हणेपर्यंत दम धरायचा, एक दाबायचा, कार्डाचा लांबलचक आकडा भरायचा आणि मग तुमचा मुंबईचा किंवा चिपळूणचा नंबर फिरवायचा. हेच हाताने करायचं तर बोटं दुखायची आणि एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

डब्याला स्क्रीन नव्हता. फोनच्याच बटणांनी त्याला शिकवायचं, बरोबर शिकला तर एक बीप, चुकलं तर तीन. सगळी कला थांबण्यात होती. कार्डवाली बाई किती वेळ बोलते ते मी कान लावून मोजायचे आणि डब्याला तेवढं थांबायला सांगायचे. एका रमजानमध्ये तिच्या बोलण्याआधी शुभेच्छा जोडल्या गेल्या, रेकॉर्डिंग लांबलं आणि ती बोलत असतानाच माझे अर्ध्या देरातले डबे आकडे ओकायला लागले. दिवसभर एकच ओरड. "मॅडम, इंडिया बंद हो गया, खलास." त्या दिवशी मी जेवलेसुद्धा नाही, पण सगळे डबे सुधारले. अजूनही कुठल्या बँकेचा फोन लावला की रेकॉर्डिंगवाली बाई किती वेळ घेते ते माझं डोकं आपोआप मोजतं.

डबा बसवण्याआधी मी गिऱ्हाइकाला ठरलेले प्रश्न विचारायचे. कुठे फोन करता, केव्हा करता, बाहेरून कुणाचे येतात, फॅक्स आहे का. लोक डॉक्टरशी जितकं खोटं बोलतात तितकंच माझ्याशी बोलायचे. सोन्याच्या बाजारातले एक गृहस्थ छातीठोकपणे म्हणाले, "फक्त मुंबई." पुढच्या आठवड्यात हळूच येऊन, इकडेतिकडे बघत, "एक नंबर मनिलाचापण टाका, सप्लायर आहे," म्हणून गेले. मी टाकला. सप्लायर रोज रात्री जेवणानंतरच भेटतो, हे 'केव्हा करता'च्या उत्तरातच कळलं, पण तो माझा प्रांत नव्हता.

हसण्यासारखं एवढंच. बाकी या धंद्यात मी जे बघितलं त्यात हसण्याजोगं फारसं नव्हतं. शहराबाहेरच्या एका लेबर कॅम्पच्या सुपरवायझरने डबा मागवला आणि सांगितलं, काही मिनिटांनी फोन आपोआप तुटला पाहिजे. डब्यात ती सोय होती. मी म्हटलं, तुटायच्या आधी बीपची सूचना देते. तर म्हणाला, "बीप मत दो मॅडम, बीप सुनके झगडा करते हैं." शेठ म्हणाले, गिऱ्हाईक म्हणतं तसं कर. मी केलं. पुढे एकदा दुरुस्तीला गेले तेव्हा रांगेतला एक माणूस बघितला. फोन तुटला होता, तरी तो रिसीव्हर कानाला धरून वाक्य पुरं करत होता. मागचे लोकही त्याला पुरं करू देत होते. त्या कामाचा मला अभिमान नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट इकबालभाईंची.

इकबालभाई दापोलीच्या पुढच्या एका गावचे. धक्क्याला लागणाऱ्या लाकडी गलबतांना दोर, ताडपत्री, रंग, कप्प्या पुरवायचं त्यांचं छोटं दुकान होतं. शेठच्या दुकानात मराठी बोलणारी बाई बसते हे कुणाकडून तरी कळलं, म्हणून ते मुद्दाम माझ्याकडे आले. उंच, शांत माणूस. बोलताना समोरच्याला बोलून पुरं होऊ द्यायचे, हे मला फार आवडायचं. म्हणाले, "ताई, अम्माशी जरा पोटभर बोलता यावं, एवढंच करा. आता मिनिटाला जेवढे दिरहॅम जातात ना, त्याचे रुपये केले तर घरी दिवसाची मासळी होते. बोलतो कमी आणि घड्याळाकडे बघतो जास्ती."

मी डबा बसवून दिला. दर जुम्म्याला नमाजहून आले की ते घरी फोन करायचे. घरात फोन नव्हता. शेजारी होता, पण त्यावर परदेशचा नंबर लागत नसे, फक्त यायचा. शेजारी हाक मारून अम्माला बोलावून आणायचे. पहिल्या महिन्यानंतर इकबालभाई माझ्यासाठी खजुराचा डबा घेऊन आले. "अम्माला आता सांगायला काही उरत नाही, ताई. कोंबड्यांचंसुद्धा सांगून झालं."

पुढे त्यांनी फॅक्स घेतला. ऑर्डरी फॅक्सने यायला लागल्या होत्या. पण लाइन एकच. एकाच लाइनवर फोन आणि फॅक्स दोन्ही कसे चालवायचे, हा त्या काळी देरातल्या प्रत्येक दुकानाचा प्रश्न होता आणि त्याचंही उत्तर डब्यातच होतं. बाहेरून रिंग आली की डबा स्वतःच लाइन उचलायचा. फॅक्स मशीन बोलायला लागलं की कुई कुई असा आवाज काढतं. तो आवाज येतो का, हे डबा काही सेकंद गप्प राहून ऐकायचा. आला तर फॅक्सला द्यायचा. नाही आला तर दुकानातला फोन स्वतःच वाजवायचा. या प्रकारात एक खोट होती. डब्याने लाइन उचलली की समोरच्याचं मीटर सुरू व्हायचं, मग फोनवर माणूस येवो न येवो. म्हणून मी ही सोय चालू करण्याआधी न चुकता विचारायचे.

"इकबालभाई, गावाहून फोन येतात का इथे?"

ते हसले. "गावाहून कोण फोन करणार, ताई? त्यांना कुठे परवडतंय. फोन मीच करतो."

ते खोटं बोलले नाहीत. घरून फोन कधीच यायचा नाही. घरून रिंग यायची.

ज्यांच्या घरातलं कुणी आखातात होतं त्यांना हे समजावून सांगायला नको, पण आजच्या मुलांसाठी सांगते. बूथवरून नंबर फिरवायचा, पलीकडे वाजू द्यायचा आणि कुणी उचलायच्या आत ठेवून द्यायचा. उचललाच नाही, म्हणजे मीटर नाही. किती वेळा वाजवायचं हे प्रत्येक घराचं ठरलेलं असे. इकबालभाईंच्या घरचं असं होतं, की सगळं ठीक असेल तर काहीच नाही. काही संकट असेल तर दोन रिंगा देऊन ठेवायचं, जरा थांबून पुन्हा दोन. अशा रिंगा ऐकल्या की इकबालभाई हातातलं गिऱ्हाईक सोडून उलटा फोन लावायचे. मलाही रिंगा देणं नवं नव्हतं, माझ्या माहेरीसुद्धा हेच चालायचं. पण हा टेलिफोनचा वापर आहे, त्याची नोंद करायला हवी, हे ना त्यांच्या मनात आलं, ना माझ्या. श्वास घेता का, असं कुणी कुणाला विचारत नाही, तसंच ते. नंतर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला "रिंगा येतात का?" असं वेगळं विचारायला लागले. बरेचजण दचकायचे आणि मग "हो" म्हणायचे.

फॅक्स लागल्यानंतर काही दिवसांनी, एका शनिवारी इकबालभाईंचा फोन आला. "ताई, फोन वाजतो, उचलला की पलीकडे कुणीच नाही. दोनदा झालं."

मी म्हटलं, "जुनी फॅक्स मशीनं असतात, ती आवाजच काढत नाहीत. डब्याला वाटतं माणूस आहे. वैतागू नका."

"बरं," म्हणाले आणि ठेवून दिला. माझं उत्तर चुकीचं नव्हतं. शंभरातल्या नव्वद दुकानांत तेच कारण असायचं.

पुढच्या आठवड्यात ते दुकानात आले. दाढी वाढलेली. स्टुलावर बसले. शेठने चहा मागवला, तो तसाच राहिला.

"अब्बा गेले," ते म्हणाले. "शारजाहून चुलतभाऊ सांगायला आला, तेव्हा इकडे कळलं. मातीसुद्धा झाली होती."

मी चहा त्यांच्याकडे सरकवला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ताई, तुमचा डबा फोन उचलून गप्प बसतो का?"

"म्हणजे?"

"अम्मा म्हणते, तिने रिंग दिली आणि मी उचलला. उचलला आणि सगळं ऐकून घेतलं, पण बोललो नाही."

मग त्यांनी घरून जे कळलं होतं ते सांगितलं. अब्बांना साखरेचा आजार. पायाच्या बोटाला जखम होऊन ती काळी पडली होती. तालुक्याच्या डॉक्टरने सांगितलं, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, लवकर रत्नागिरीला न्या. अब्बा तयार होईनात. पाय नसलेला माणूस नमाजात सजद्याला कसा वाकणार, एवढंच म्हणत राहिले. धाकट्या मुलाने सांगितलं, मौलवींनी सांगितलं, पण म्हातारा ऐकायचा तो फक्त इकबालचं. इन्सुलिनचं इंजेक्शनसुद्धा इकबालने फोनवर समजूत घातली तेव्हाच घ्यायला लागला होता. म्हणून अम्मा बाजारात बूथवर गेली आणि दोन रिंगा द्यायला नंबर लावला.

पहिल्याच रिंगेला पलीकडे उचलला. ती घाबरली, तिने ठेवला. बूथवाल्याने मीटर दाखवलं. तिने पुन्हा लावला, पुन्हा उचलला. कुणी बोलेना. तिला वाटलं, दुकानात गिऱ्हाईक असेल, इकबालने उचललाय पण बोलता येत नाहीये. मीटर पळत होतं. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. अब्बाचा पाय कापायचा म्हणतात, तो ऐकत नाही, तू फोन कर, तू सांग, तुझंच ऐकतो. आणि ठेवून दिला. नंतर डब्याने नेहमीप्रमाणे दुकानातला फोन वाजवला. इकबालभाईंनी उचलला, तर पलीकडे कुणी नाही. मग त्यांनी मला फोन केला, आणि मी त्यांना जुन्या मशीनचं सांगितलं.

अम्मा घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, इकबालला सांगितलंय, त्याने ऐकलंय, आता त्याचा फोन येईल. अब्बा वाट बघत राहिले. सोमवारपर्यंत फोन आला नाही तेव्हा म्हणाले, "ऐकून गप्प बसला ना? म्हणजे त्यालापण पाय कापू नये असंच वाटतं." त्यानंतर कुणाला त्यांच्याशी बोलायची सोयच राहिली नाही. विष अंगात चढलं आणि जुम्मा यायच्या आत ते गेले.

"धाकटा भाऊ म्हणतो, दवाखान्याचा खर्च अंगावर येईल म्हणून गप्प बसलास," इकबालभाई म्हणाले. "म्हणू दे. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. पण अम्माला कळलं पाहिजे, ताई. मी ऐकलंच नाही, एवढं तिला पटलं पाहिजे. माझं ती ऐकून घेत नाही. मशीन मशीन काय करतोस, म्हणते. तुम्ही सांगा. तुम्ही बसवलाय."

मी शेठना सांगून त्यांच्याबरोबर निघाले. आधी खात्री करून घ्यायची होती, म्हणून त्यांच्या दुकानाला लागून असलेल्या पठाणाच्या दुकानातून आम्ही इकबालभाईंचा नंबर लावला. रिसीव्हर त्यांच्या कानाला. एक रिंग झाली, खट्ट झालं. पुढे शांतता. मला माहीत होतं की ती पुरती शांतता नसते. त्या स्वस्तातल्या डब्यात एक बारीक घरघर असायची, कमी व्हायची, वाढायची. इकबालभाई ऐकत राहिले. भिंतीपलीकडे त्यांच्या बंद दुकानातला फोन वाजायला लागला तरी त्यांनी ठेवला नाही.

"हे तर कुणी श्वास घेतंय असं वाटतं," ते म्हणाले.

"लाइनचा आवाज आहे," मी म्हटलं.

मग दुकान उघडून त्यांनी घरी फोन लावला. डब्याने कार्डाचा नंबर फिरवला, थांबला, आकडे भरले, सगळं अगदी बिनचूक. इकबालभाईंनी स्पीकर चालू केला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. शेजाऱ्याने हाक मारली. कुणीतरी चपला ओढत येत असल्याचा आवाज आला.

"अम्मा, मी इकबालभाईंच्या फोनचं काम करणारी. सांगलीकडची आहे."

"बोल बाय."

मी सांगितलं. जितकं सोपं करून सांगता येईल तितकं सांगितलं. दुकानात एक यंत्र आहे, ते मी बसवलंय, रिंग आली की ते आपलं आपण फोन उचलतं, माणूस उचलत नाही. त्या दिवशी तुमचं बोलणं इकबालभाईंच्या कानापर्यंत गेलंच नाही. त्यांना काही माहीत नव्हतं. हवं तर मी कुराणावर हात ठेवून, माझ्या देवावर हात ठेवून सांगते.

तिने मधे एकदाही तोडलं नाही. बोलणाऱ्याला पुरं होऊ द्यायचं, हे इकबालभाईंनी कुणाकडून घेतलं ते मला तेव्हा कळलं.

"होता तो," ती म्हणाली. "श्वास आयकला मी त्याचा."

"तो यंत्राचा आवाज, अम्मा. आत्ताच आम्ही ऐकला. इकबालभाईंनापण तसंच वाटलं."

इकबालभाई टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभे होते.

"बाय, तू चांगल्या घरची दिसतेस, खोटं बोलायची नाहीस," ती हळू आवाजात म्हणाली. "पण माझं आयक. मी म्हाताऱ्याला सांगितलं, इकबालनं आयकलान. तीन दिवस तेच सांगत राहिले. तो तेवढ्यावर गेला. लेकानं आयकलान, लेकाची मर्जी माझ्यासारखीच हाय, असं म्हणत गेला. आता तू सांगतेस, कुणी आयकलंच नाही. मग मी त्याला काय सांगितलं? पाय कापायला तो तयार झाला असता. मी दुसऱ्यांदा बूथवर गेले असते, तर झाला असता. मी गेले नाही. मला वाटलं, सांगून झालंय."

तुमची काही चूक नाही, असं म्हणायला हवं होतं, पण तेवढ्याने तिचं भागलं नसतं.

इकबालभाईंनी मला हाताने बाजूला केलं आणि फोनवर वाकले.

"अम्मा."

"कोण?"

"मी. इकबाल." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "मी ऐकलं होतं, अम्मा. तू बोललीस ते सगळं ऐकलं. या बाईंना मीच खोटं बोलायला लावलं."

मी त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पलीकडे ती रडायला लागली. अब्बा गेल्यापासून पहिल्यांदाच रडतेय, असं शेजारी कुणाला तरी सांगत असलेलं आम्हाला ऐकू आलं. इकबालभाई तसेच वाकून उभे राहिले. ती थांबली, नाक पुसलं, आणि मग विचारलं, "मग बोललास का नाही रे?"

इकबालभाईंनी तोंड स्पीकरजवळ नेलं. ते नुसतेच फोनवर श्वास घेत राहिले, आणि ती ऐकत राहिली.